सरकारमान्य गैरसोय

अमेरिकेत 63 राष्ट्रीय उद्यानं आहेत, आणि ती एकूणएक बघून टाकण्याचा पण केलेली माणसंही आहेत. त्यांच्याकडे एक छोटी निळी वही असते. प्रत्येक उद्यानाच्या कचेरीत जाऊन तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा असतो. शिक्का नीट उमटला की या लोकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते समोरची हजार फुटी दरी बघताना दिसत नाही. दरी काय, तिथेच राहणार आहे. शाई मात्र फिकट निघू शकते.

माझा भाचा या पंथातला आहे. सिअॅटलला सॉफ्टवेअरमध्ये असतो. पुण्यात होता तेव्हा पर्वती चढायला कंटाळायचा. आता पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढतो आणि खाली आल्यावर एक्सेलमध्ये नोंद करतो. त्याच्या यादीतली सोपी उद्यानं संपली होती. उरली होती ती जिथे रस्ता जात नाही अशी, आणि त्यांतलं सगळ्यांत अवघड म्हणजे अलास्काच्या उत्तरेचं 'गेट्स ऑफ दि आर्क्टिक'. नेमके त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे मुक्कामाला होतो. भारतातून आलेल्या मामा-मामींना नायगारा आणि येलोस्टोन दाखवून झालं की पुढे त्यांचं काय करायचं, हा तिथल्या प्रत्येक मराठी घरापुढचा प्रश्न असतो. भाच्याने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं.

उद्यानाची अधिकृत माहिती त्याने मोठ्याने वाचून दाखवली. रस्ते नाहीत. पायवाटा नाहीत. तंबूसाठी आखलेल्या जागा नाहीत. फोनला रेंज नाही. प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही, परवानाही लागत नाही. आपल्याकडे एखाद्या गावाने रास्ता रोको करताना वाचावी अशी ही यादी. तिथे ती वैशिष्ट्यं म्हणून दिलेली आहे. तिकीट नाही हे ऐकून बायकोला झालेला आनंद विमानाचं भाडं ऐकेपर्यंत टिकला.

"बाथरूम?" तिने विचारलं.

"मामी, एक छोटं फावडं मिळतं."

यावर ती जे गप्प बसली, ते फेअरबँक्सच्या विमानात बसेपर्यंत.

उद्यान केवढं, तर सुमारे 34 हजार चौरस किलोमीटर. त्यात गोवा नऊ वेळा मावेल. सबंध उद्यान आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे आणि ब्रुक्स रेंज नावाची डोंगररांग त्याच्या आरपार गेलेली आहे. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं उद्यान आहे, तिथे वर्षाकाठी सव्वा कोटीच्या आसपास भेटी होतात. गेट्सला वर्षाला साधारण दहा-बारा हजार. त्यांतलेही सगळे तिथे राहतात असं नाही, कारण शिक्का मिळवायचे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग मोटारीचा. फेअरबँक्सच्या उत्तरेला डाल्टन हायवे नावाचा, बराचसा खडीचा, 666 किलोमीटरचा रस्ता आहे. 1974 साली तो तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधला. त्याच्यावर कोल्डफूट नावाचा ट्रकवाल्यांचा थांबा आहे. तिथल्या माहिती केंद्रात उद्यानाचा शिक्का मिळतो. केंद्र उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, पण शिक्क्यावर तसं लिहिलेलं नसतं. दुसरा मार्ग विमानाचा: बेटल्स नावाच्या चिमुकल्या गावातून पाण्यावर उतरणारं विमान करायचं, उद्यानातल्या तळ्यावर टेकायचं, काठावर पाय ठेवून फोटो काढायचा, परत. तिसरा मार्ग म्हणजे खरोखर जाऊन राहणं. भाच्याच्या ऑफिसातल्या एकाने दुसरा मार्ग वापरला होता. त्याला कायमचं खाली मान घालायला लावायचं असेल तर तिसऱ्याला पर्याय नव्हता.

पुण्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना बातमी कळली तेव्हा त्यांचा रात्री उशिरा फोन आला. शेजारी निवृत्त आहेत आणि लोकमान्यांवर त्यांची भक्ती आहे. "म्हणजे मूळ गावी चाललात!" ते म्हणाले. टिळकांनी 1903 साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातल्या लांबलचक उषा आणि महिनोन्महिने चालणारे दिवस-रात्र यांवरून त्यांनी असं मांडलं, की आर्यांचे पूर्वज उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात राहत होते आणि हिमयुगामुळे त्यांना तिथून निघावं लागलं. आजचे अभ्यासक हे मत मानत नाहीत. शेजारी आजच्या अभ्यासकांना मानत नाहीत. स्वतः टिळक आर्क्टिकला कधी गेले नव्हते. पुस्तकांच्या आणि तर्काच्या जोरावर ते पुण्याहून थेट ध्रुवाजवळ पोचले. हा चौथा मार्ग, आणि गुडघ्यांच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यांत शहाणपणाचा.

फेअरबँक्सला छोट्या विमानाच्या कंपनीत सामानाचं वजन झालं आणि मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आता तुम्ही." विमान लहान असलं की माणसांचंही वजन करतात. जमिनीवर सपाट वजनकाटा, समोर लाल आकडे, आणि मागे रांगेत उभे सहा अनोळखी ट्रेकर. बायको खांद्यावरच्या पर्ससकट काट्यावर चढली, मग पर्स काढून माझ्या हातात द्यायला लागली. मुलगी म्हणाली, पर्स राहू द्या, तीही विमानातूनच जाणार आहे. "मग पर्सचं वेगळं लिहा," बायको मराठीत म्हणाली. भाच्याने याचं इंग्रजी केलं नाही. आकडा पौंडात होता, म्हणजे दुपटीहून मोठा, आणि मुलीने तो पेन्सिलीने ठळक लिहिला. भाच्याने फोन काढून किलोत करून सांगायची तयारी दाखवली. त्याला फोन खिशात ठेवायला सांगण्यात आलं. मला वैमानिकाशेजारची जागा मिळाली. मी मान डोलावून आभार मानले. मागून भाच्याने खुलासा केला की तो मान नव्हे, तोल आहे.

बेटल्सची वस्ती जेमतेम दोन-तीन डझन माणसांची. धावपट्टी हाच हमरस्ता. तिथल्या रेंजरबाईंनी आमचा वर्ग घेतला, विषय अस्वल. चालताना सतत आवाज करा, म्हणजे अस्वल दचकणार नाही. दिसलंच तर पळू नका. ग्रिझली अस्वलाने हल्ला केला तर पालथं पडून मानेवर हात धरून मेल्याचं सोंग करा. काळ्या अस्वलाने केला तर मात्र उलट मारा. शिवाय रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं. जन्मभर कुणाची जात विचारायची नाही असं पाळत आलेल्या माणसावर ऐन वेळी, आणि तेही पालथं पडण्याआधी, जात नीट बघून घ्यायची पाळी येणार होती.

मग अन्नाचा विषय निघाला. उद्यानातर्फे अस्वलाला न उघडणारं काळ्या प्लास्टिकचं पिंप वापरायला फुकट मिळतं. त्याचं झाकण नाण्याने फिरवून उघडायचं असतं. अस्वलाकडे सुटे पैसे नसतात, हे त्या रचनेमागचं तत्त्व. वास येणारी प्रत्येक वस्तू त्या पिंपात गेली पाहिजे, म्हणजे साबण, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलमसुद्धा. इतर लोकांचं हे काम पाच मिनिटांत उरकलं. त्यांच्या जेवणाला मुळात वास नसतो. बायकोच्या पिशवीतून एकेक गोष्ट टेबलावर यायला लागली. मेतकूट, लसणाची चटणी, दाण्याचं कूट, लिंबाचं लोणचं, डोक्याला लावायचा बाम. शेवटी निघाली हिंगाची डबी. रेंजरबाईंनी कुतूहलाने झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं आणि जपून पुन्हा लावलं.

"हे अस्वलाला हुसकायला आहे का?" त्यांनी विचारलं.

"वरणात घालायला," भाचा म्हणाला.

बाई काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला त्यांनी आणखी एक पिंप दिलं.

पुढचा नियम असा: झोपायचा तंबू, स्वयंपाकाची जागा आणि अन्नाचं पिंप या तिन्हींमध्ये प्रत्येकी शंभरेक पावलांचं अंतर हवं. नकाशावर हा सुबक त्रिकोण दिसतो. प्रत्यक्षात भात शिजत आल्यावर मीठ राहिल्याचं लक्षात येतं आणि शंभर पावलं जाऊन, नाणं शोधून, मीठ घेऊन शंभर पावलं परत येईपर्यंत भात खाली लागतो. या त्रिकोणाची एक बाजू मला नेमून दिलेली होती.

बेटल्सहून आम्हाला घेऊन निघालेलं विमान 'बीव्हर' जातीचं. ही विमानं कॅनडात 1947 ते 1967 या काळात बनली. त्यानंतर बनलीच नाहीत, म्हणजे हवेत दिसेल ते बीव्हर पन्नाशी केव्हाच उलटलेलं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या. वैमानिकाच्या पायात गुडघ्याच्या वर जाणारे गमबूट. तो तळ्यावर उतरला, पाण्यात उडी मारून विमान दोरीने काठाला ओढलं, आमचं सामान गवतावर ठेवलं, परत न्यायचा दिवस पुन्हा एकदा विचारून घेतला आणि त्यापुढे "हवा असेल तर" असं जोडलं.

आमचं सामान उतरत होतं तेवढ्यात आणखी एक विमान आलं. त्यातून सारख्या टोप्या घातलेलं एक वयस्कर जोडपं उतरलं. आजोबांनी एक पाय काठावर टेकवला, दुसरा होडीवरच ठेवला. आजींनी फोटो काढला. मग अदलाबदल झाली. "तुम्ही इथे राहणार?" आजींनी आम्हाला विचारलं, आणि उत्तर ऐकून पिशवीतली बिस्किटं काढून दिली. निघताना त्यांनी माझ्या बायकोचा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याकडे असा हात वेगळ्या प्रसंगी धरतात. पण त्यांच्या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. उद्यान 'पाहिलं' म्हणजे नेमकं काय केलं, याची व्याख्या अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात नाही.

विमानांचा आवाज विरला. बायकोने चारी दिशांना बघून घेतलं. "आता काय बघायचं?"

"हेच, मामी."

"हेच म्हणजे?"

"हे सगळं."

तिने तळं बघितलं, पलीकडचे करडे डोंगर बघितले, काठावरची सुतळीसारखी बारीक, कललेली स्प्रूसची झाडं बघितली. "बरं," ती म्हणाली, "बघितलं."

खरी अडचण हीच असते. आपल्याला निसर्ग बघायची सवय 'पॉइंट'वरून आहे. कुणीतरी आधी ठरवून ठेवतो की सूर्य इथून बघायचा, प्रतिध्वनी इथून काढायचा, आणि हत्तीसारखा दगड तो पलीकडचा. इथे 34 हजार चौरस किलोमीटरात एकही पॉइंट नाही. कुठल्या डोंगराला सुंदर म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ठरवल्यावर दुजोरा द्यायला गाइड नाही. पहिल्या दिवशी या जबाबदारीने माणूस दमून जातो. बायको दुसऱ्या दिवशी सावरली. तिने समोरच्या दोन शिखरांना माझ्या दोन आत्यांची नावं दिली. नाकांवरून ती चपखल होती.

चालण्याचाही एक नियम आहे. चार माणसांनी एकामागे एक चालायचं नाही, फाकून चालायचं, म्हणजे पायवाट पडत नाही. मळलेली वाट सोडून चाला, हा उपदेश शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांकडून ऐकलेला. तो सरकारी नियम करून टाकलेली जागा पहिल्यांदा पाहिली. वाट का मळते हेही तिथे कळतं: ती सोडून चालता येत नाही म्हणून. तिथली जमीन थोड्या खोलीवर बारमाही गोठलेली असते. वरचं बर्फ वितळलं की पाण्याला जिरायला जागा नाही, म्हणून उन्हाळाभर चिखल. त्या चिखलात कापूसगवताचे ठोंब उभे असतात, गुडघ्याएवढे उंच, वर जड, खाली बारीक. ठोंबावर पाय दिला तर तो मान वळवतो. दोन ठोंबांच्या मध्ये दिला तर बुटात पाणी. तिसरी जागा नाही. पट्टीचे ट्रेकरसुद्धा अशा जमिनीवर तासाला दीड-दोन किलोमीटरच्या वर बोलत नाहीत. आम्ही वेग मोजला नाही.

आवाज करत चला हा नियम मात्र मराठी माणसासाठीच केलेला आहे. अमेरिकन लोक दर मिनिटाला "हे बेअर!" असं ओरडतात आणि मधल्या वेळात गप्प असतात. आम्ही ज्ञानबा-तुकारामच्या गजराने सुरुवात केली. तो थकल्यावर सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय काढला. त्यावर संध्याकाळपर्यंत कुणीही गप्प बसलं नाही. वाटेत ओल्या वाळूत ग्रिझलीचा पंजा उमटलेला होता. माझा बूट शेजारी ठेवून बघितला तर पंजाच रुंद भरला, आणि पुढे नखांची पाच भोकं वेगळी. अस्वल काही दिसलं नाही. पुनर्विकासाचा मसुदा ऐकून थांबणारं जनावर अजून जन्माला यायचं आहे. ताडोबात वाघ दिसला नाही तर पैसे बुडाले असं आपण म्हणतो; तिथे अस्वल दिसलं नाही म्हणून पैसे वसूल झाले.

दिसले ते डास. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिथे त्यांचंच राज्य असतं. कॅरिबू हरणांचे कळप डासांना कंटाळून वाऱ्याच्या जागी किंवा उरलेल्या बर्फावर जाऊन उभे राहतात. माणसं टोपीवरून गळ्यापर्यंत जाळी घेतात. जाळीच्या आतून बघितलं की सगळा आर्क्टिक बारीक चौकडीचा दिसतो. जेवताना पोळीची गुंडाळी करून जाळीच्या खालून आत सरकवायची, घास तोडायचा, लगेच जाळी बंद. तरी घासाबरोबर एक-दोन पाहुणे जातातच. शाकाहारी माणसाने अशा वेळी चावू नये, गिळावं. शेजाऱ्यांना मी पुढे कळवलं की टिळकांचा एक मुद्दा तपासून घ्यायला हवा. पूर्वज तिथे राहत असतील तर ते निघून का आले, याला हिमयुग कशाला पाहिजे? एक जुलै पुरे.

संध्याकाळ होईना, ही पुढची अडचण. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही. रात्री बारा वाजता तो उत्तरेच्या डोंगरांवर आडवा सरकत असतो. घरी दिवेलागणीला हात जोडणाऱ्या माणसाने कधी जोडायचे? भाच्याने सांगितलं की घड्याळ बघून. बायकोला ते पटलं नाही. घड्याळाला कोण नमस्कार करतो? त्यात संकष्टी आली. उपास सोडायचा तो चंद्रोदयाला. उन्हाळ्यात तिथे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजावर जेमतेम डोकावतो किंवा कित्येकदा उगवतच नाही, कारण सूर्य जितका वर तितका समोरचा चंद्र खाली. पंचांगकर्त्यांनी या अक्षांशाचा विचार केलेला दिसत नाही. शेवटी पुण्याची वेळ धरली. त्यानुसार चंद्र आमच्या सकाळी उगवला आणि बायकोने उपास न्याहारीला सोडला. एवढा सुखाचा उपास तिने आयुष्यात केला नव्हता.

या जागेला नाव दिलं रॉबर्ट मार्शल नावाच्या वनखात्यातल्या माणसाने. तो 1929 मध्ये पहिल्यांदा तिकडे गेला. कोयुकुक नदीच्या उत्तरेकडच्या फाट्यावर दोन बाजूंना दोन डोंगर त्याने पाहिले, फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन, आणि त्याला ती आर्क्टिकची दारं वाटली. माणूस चालण्यात राक्षस. दिवसाला तीस मैल त्याला काहीच वाटत नसत. जवळच्या वाइझमन या खाणकाम करणाऱ्यांच्या गावात तो राहिला, गावावर 'आर्क्टिक व्हिलेज' हे पुस्तक 1933 मध्ये काढलं, ते चांगलं खपलं, आणि मानधनातला वाटा त्याने गावकऱ्यांना वाटला. हे वाचून मराठी लेखक दोनदा दचकतो, पैकी पहिल्यांदा 'मानधन' या शब्दाशी. मार्शल 38 व्या वर्षी वारला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 2 डिसेंबर 1980 रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याने अलास्कातला महाराष्ट्राहून मोठा मुलूख एका दमात राखून ठेवला आणि हे राष्ट्रीय उद्यान झालं.

मार्शलच्या नकाशावर जागा कोरी होती. जमिनीवर ती कधीच कोरी नव्हती. नुनामिउत लोक, म्हणजे समुद्रकाठ सोडून आत डोंगरांत राहणारे इनुपियाट, या खोऱ्यांमधून कॅरिबूच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. त्यांचं अनाक्टुवुक पास हे गाव आज उद्यानाच्या ऐन मध्ये आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस फिरत्या कुटुंबांनी तिथे कायमचा तळ टाकला. आता चारशेच्या घरात वस्ती, शाळा, पोस्ट, आणि सायमन पानिआक यांच्या नावाचं संग्रहालय. कॅरिबूच्या कातड्याचे मुखवटे ही तिथली खास कला. कायद्याने त्यांना पोटापुरती शिकार करायची मुभा आहे, आणि ती असायलाच हवी. पाहुण्यांनी पिंपातलं मेतकूट खायचं आणि घरमालकांनी उपाशी राहायचं, हे काही बरोबर नाही. ज्या मुलुखात वाट शोधताना आमचा भाचा उपग्रहाकडे बघतो, तिथे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना कॅरिबू कुठल्या खिंडीतून येणार ते माहीत असतं. 'निर्मनुष्य' हा शब्द नेहमी पाहुणे वापरतात.

परतीच्या दिवशी ढग तळ्यावर उतरले. उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रावर निरोप आला: 'हवा खराब. उद्या बघू.' दुसऱ्या दिवशी तोच निरोप, फक्त 'उद्या' नवा. उद्यानाचीही सूचना असते की ठरल्यापेक्षा जास्त दिवसांचं अन्न जवळ ठेवा. भाच्याने सिअॅटलला एकेक ग्रॅम मोजून पाकिटं भरली होती आणि मामीच्या पिशवीवर विनोद केले होते. आता पिंपाचं झाकण फिरवायचं नाणं मामीच्या पर्समध्ये गेलं आणि अन्नखात्याचा कारभार तिच्याकडे. दाण्याचं कूट चमच्याने मोजून मिळू लागलं. भाचा सकाळी उठल्यावर आधी "मामी, चहा करू?" असं विचारू लागला. लोणच्याच्या फोडीसाठी सॉफ्टवेअर इंजिनियर पाणी भरून आणतो, हे दृश्य बघायला मिळालं तेवढ्यासाठी विमानाचं भाडं मला जास्त वाटत नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण या रस्ते नसलेल्या उद्यानामागे एक रस्ता लागलेला आहे. पश्चिमेकडे अँबलर भागात तांब्याचे साठे आहेत. तिथपर्यंत डाल्टन हायवेपासून सुमारे 340 किलोमीटरचा खाणरस्ता काढायचा बेत आहे आणि त्याचा एक तुकडा गेट्सच्या राखीव भागातून जातो. 1980 च्या त्याच कायद्यात अशा वाटेला मुभा ठेवलेली होती. 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारने रस्त्याला नकार दिला. सरकार बदललं आणि 2025 मध्ये होकार आला. वाटेतल्या गावांतही दोन तट आहेत: कुणाला कॅरिबूच्या वाटा तुटण्याची भीती, कुणाला रोजगाराची आशा. हे वाचताना आपल्या वाचकाला परदेशी असं काहीच वाटणार नाही. त्यात भर म्हणजे ब्रुक्स रेंजमधले डझनावारी ओढे अलीकडे गंजासारखे नारिंगी झाले आहेत. गोठलेली जमीन वितळली की आतली खनिजं उघडी पडतात आणि लोह पाण्यात उतरतं. रस्ता न करताही माणूस तिथे पोचलेलाच आहे.

सरकारने काही करावं म्हणून आपण जन्मभर अर्ज करतो. करणं मानाने सोपं असतं. कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो येतो. काहीही न करण्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पगारी माणसं नेमायची, दर वर्षी अंदाजपत्रकात तरतूद करायची आणि वर्षाअखेरीला काम म्हणून 'जसं होतं तसं आहे' एवढंच दाखवायचं, याला छाती लागते. ती गैरसोय जपायची तर गिऱ्हाईकानेही थोडी समज दाखवायला हवी. ज्यांना पॉइंट, चहा आणि पार्किंग लागतं त्यांनी दक्षिणेला डेनाली उद्यानात जावं. तिथे बस आहे, बसला खिडक्या आहेत आणि डोंगर त्याच अलास्कातले आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. गेट्सलाच जायचं असेल तर ऑगस्टच्या उत्तरार्धात जा, डास ओसरलेले असतात. फाकून चाला, मोठ्याने बोला, हिंगाची डबी पिंपात ठेवा. आणि जेवण हिशेबापेक्षा जास्त घ्या, कारण विमान ठरल्या दिवशी येईलच असं नाही.